चैत्रीचा चिरा

लाकूड कुठून आणलं ते विचारू नका.
साग आहे एवढं खरं,
आणि उभा तोडलेला नाही:
जोपळ्यांच्या पडक्या गोठ्याची मेढ,
खालची हातभर वाळवीनं खाल्लेली.
ती जमिनीत जाईल. तसंही
जमिनीत गेलेलं कोण बघतं?
फॉरेस्टचा गार्ड आला, टिचकी मारून बघितली,
चहा पिऊन गेला.

बापानं शिकवलं ते सोपं होतं.
वर चांद नि सूर्य, शेजारी शेजारी,
खाली घोडा, घोड्यावर मेलेला माणूस,
हातात तलवार.
नार नदीच्या दोन्ही अंगाला
मी असे एकसष्ट स्वार बसवले.
त्यातल्या एकानंही उभ्या जन्मात
घोड्याला पाणी पाजलेलं नव्हतं.
कुणी हसलं नाही.
मेल्यावर लांब जायचं असतं,
पायी कसं पाठवायचं?

पण चैत्री भोये. वय एकोणीस.
दिंडोरीकडं द्राक्षाच्या छाटणीला
एका पिकअपमध्ये एकोणतीस जणी, उभ्यानं,
आणि वणीच्या अलीकडं तो उतार.
पेपरात दोन ओळी आल्या.
नाव नव्हतं.

रात्री धावजीनं थाळी मांडली.
काशाच्या थाळीत मेणाचा गोळा, मेणात रोवलेली काडी,
ओल्या बोटांनी वरून खाली ओढायची;
आग्या मोहोळ झोपेत बोलावं
तसा आवाज निघतो.
धरती कशी झाली इथून तो धरतो,
मुंगीनं माती कुठून आणली,
कणसरी कुणाच्या घरून रुसून गेली,
असं करत पहाटेपर्यंत मेलेल्यापाशी पोचायचं.
या वेळी कोंबडा आरवला
तरी तो कणसरीपाशीच.
काडी पुसत म्हणाला, गोष्ट लांब आहे रे,
पोरगीच आखूड.

सुपाखाली नागलीचं पीठ पसरलेलं.
उजाडल्यावर सूप उचललं, सगळे वाकले.
चिमणीचा पाय, कुणी म्हणालं. कुणी म्हणालं मुंगळा.
मंगीबाई जागची उठली नाही.
अनवाणी यायची नाही ती, म्हणाली,
चपला तिच्या चौकीत जमा आहेत.

मग माझ्याकडं आली. कनवटीला आधारची झेरॉक्स.
झेरॉक्समध्ये पोरीचे डोळे मिटलेले.
फोटो काढताना पापणी लवली असणार.
"घोडा नको."
मी म्हटलं, मग गाडी? हल्ली काढतात,
वरच्या पाड्यात एकाला बुलेट कोरून दिली,
दोन्ही आरशांसकट.
बोललो आणि जीभ चावली.
ती लाकडाकडं बघत बसली बराच वेळ.
"चाकाचं काहीच नको.
चालत जाऊ दे. आता काय घाई आहे?"

तलवारीच्या जागी छाटणीची कात्री काढतो म्हटलं.
तर म्हणाली, कात्री मुकादमाची होती,
तो परत मागतोय.

म्हणून हात रिकामा आहे.
तेवढ्याला मला चार दिवस लागले.
हातात काही धरलेलं असलं
की बोटं त्यामागं लपवता येतात,
रिकाम्या हाताची पाचही मोजून द्यावी लागतात.
डोळ्यांचं मी विचारलंच नाही.
एक रेघ मारली आडवी.
कुणाला मिटलेले वाटतील,
कुणाला वाटेल, उन्हाकडं बघतेय.

दिस घातला, चिरा उभा केला,
शेंदूर, मोहाची चार थेंब दारू, एक पिल्लू.
स्वारांच्या रांगेत ती एकटीच पायी.

मजुरीला मंगीबाईनं नागली दिली, दळलेली,
फडक्यात बांधून.
घरी बायकोनं पाणी ठेवलं, पीठ परातीत ओतलं,
हात घालणार
तेवढ्यात मी म्हटलं, थांब जरा,
आणि वाकून बघितलं.